दर्याक पाठ

पहिल्या सकाळचा पहिला तास आम्ही वाळूत पालथे पडून काढला. पंचेचाळिशी ओलांडलेली चार माणसं, वाळूत काठीने काढलेल्या चार लांबट आकृत्यांवर पोट टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. ते बोर्ड होते म्हणे. पलीकडे कुत्रं बसून बघत होतं. आमचा मास्तर, वय असेल बावीस-तेवीस, ओरडायचा, “पॅडल, पॅडल, पॅडल… उठ!” की आम्ही छातीजवळ हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं, डावा पाय पुढे, गुडघे वाकलेले, नजर समोर. एका झटक्यात कोणीच उठत नव्हतं. मी तर आधी एक गुडघा, मग दुसरा, मग “आई गं”, अशी सत्यनारायणाच्या पूजेवरून उठावं तशी उठत होते.

‘उठ’ तो खरंच मराठीत म्हणायचा. त्याचा मामा डोंबिवलीला उडपी हॉटेलात कामाला होता आणि शाळेच्या सुट्टीत हा तिकडे राहायला जायचा. त्या सुट्ट्यांतले ‘उठ’, ‘चल’, ‘घाई नको’ आणि एक शिवी एवढे शब्द त्याच्यापाशी शिल्लक होते. पुढच्या चार दिवसांत ते सगळे आमच्यासाठी खर्ची पडले.

मी पुण्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवते. समुद्र मला फळ्यावर छान येतो. प्रत्यक्ष समुद्राशी माझा संबंध सहलीपुरता: हरिहरेश्वर नाहीतर मुरुड, ऐंशी मुलं, गळ्यात शिट्टी आणि ‘गुडघ्याच्या वर पाणी चालणार नाही’ हा नियम. त्या नियमाच्या बाहेर मी स्वतःही कधी गेले नव्हते. ओले पाय, भेळ, सूर्यास्ताचा फोटो, बस. ही सर्फिंगची टूम डॉक्टरणीची. ती दातांची डॉक्टर, कॉलेजपासूनची मैत्रीण. तिची लेक आदल्या वर्षी कर्नाटकात मुल्कीला सर्फ कॅम्प करून आली होती आणि “आई, तुला नाही गं जमायचं” असं सहज बोलून गेली होती. एवढं कारण पुरलं. तिसरा बँकवाला. तो रोज व्यायाम करतो आणि ते सगळ्यांना सांगतो. चौथा दर्यासारंग.

हे नाव हॉस्टेलमधलं. तो वेंगुर्ल्याचा, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला ते चिकटलं. भाऊबीज उरकून आम्ही पनवेलला मत्स्यगंधा एक्स्प्रेस पकडली. चिपळूण गेल्यावर फराळाचे डबे उघडले तेव्हा चकली मोडता मोडता तो म्हणाला, “एक सांगायचं राहिलंय. मला पोहता येत नाही.”

आम्ही हसलो. तो हसला नाही.

“आमच्या वाडीत कोणालाच येत नाही,” तो म्हणाला. “विहिरीत पोहणारे असतील दोघे-चौघे. समुद्रात कोण जातो? जातो तो बोटीतून, आणि बोटीतून जाणारे वेगळे. आमची आमराई, आमची पाठ समुद्राकडे.” लहानपणी चुलीतली राख टाकायला जरी किनाऱ्याकडे निघाला, तरी आई मागून सांगायची, ‘दर्याक पाठ दाखव नको.’ समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, मागे मागे यायचं आणि वाळू कोरडी लागली की मगच वळायचं. इतक्या वर्षांत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्यातली एकटी मीच बरी पोहते, तीसुद्धा टिळक टँकच्या पाण्यात.

कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते आणि ७४१ किलोमीटरनंतर ठोकूरला संपते. मुल्की त्या शेवटाच्या जरा अलीकडे. रात्रभर बोगदे मोजत गेलो आणि सकाळी उतरलो तर रत्नागिरीच आहे की काय असं वाटलं. तोच जांभा, तीच कौलं, तेच माड, फक्त पाट्या कानडी आणि कानावर पडणारी बोली तुळू. बाजारात खोबरेल तेल घ्यायला गेलो, तर दुकानदार कोंकणी बोलणारा निघाला. तो आणि दर्यासारंग आपापल्या भाषेत दहा मिनिटं बोलत राहिले. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. कोंकणी आणि मालवणी वेगळ्या की एकच, हा वाद तिथे कोणाच्या डोक्यातही नव्हता.

या गावात सर्फिंग आलं ते एका साधूमुळे. जॅक हेबनर हे अमेरिकन कृष्णभक्त, त्यांनी २००४ साली इथे सर्फिंगचा आश्रम सुरू केला. पहाटे जप, शाकाहारी जेवण, दारू बंद आणि लाट आली की बोर्ड घेऊन समुद्रात. त्यांच्याकडे शिकलेली पोरं पुढे स्वतः शिकवायला लागली. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या जिथे समुद्राला मिळतात, त्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये इंडियन ओपन ही सर्फिंगची स्पर्धा झाली. तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंग पहिल्यांदाच आलं, ते त्यानंतर. आमच्या मास्तराचे वडील मासेमारीच्या बोटीवर, ते मोगवीर समाजातले. तो म्हणाला, सुरुवातीला वडिलांना हे अजिबात पटत नव्हतं. मासा न आणता समुद्रातून परत यायचं आणि वर त्याला काम म्हणायचं!

आमचा कॅम्प म्हणजे सुरूच्या झाडांत चार खोल्या, पडवीला टांगलेले झोपाळे, भिंतीला टेकवून ठेवलेले बोर्ड आणि अंगावरची वाळू धुवायला बाहेर एक नळ. खोलीत रेल्वेसारखे वरखाली पलंग. वरचा पलंग कोणी घ्यायचा यावर चिठ्ठ्या टाकल्या आणि तो बँकवाल्याला आला. रात्री डास, आणि पलीकडच्या खोलीत बंगळुरूच्या पोरांचा स्पीकर. डासांवर उदबत्ती होती, स्पीकरवर काही नव्हतं. स्वयंपाक एका अक्कांकडे. नीर दोसे, उकड्या तांदळाचा भात, बांगडा, आणि एका दुपारी कोरी रोट्टी, म्हणजे कुरकुरीत तांदळाच्या पापडासारख्या रोट्यांवर ओतलेला कोंबडीचा रस्सा. संध्याकाळी केळं घालून केलेले बन्स. आम्ही दिवाळीच्या चकल्या दिल्या तेव्हा त्यांनी एक मोडून वास घेतला, खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरची चक्कुली आणून आमच्यासमोर ठेवली. बोलल्या काही नाहीत. त्यांची जास्त खुसखुशीत होती.

आता पाण्याबद्दल. मास्तराने किनाऱ्यावर उभं करून पहिला नियम सांगितला तो असा, हिंदीत: “समुंदर को कभी पीठ नहीं दिखाने का.” दर्यासारंगने माझ्याकडे पाहिलं. वेंगुर्ल्याच्या आईचं वाक्य मुल्कीच्या पोराच्या तोंडून ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्याने मास्तराला पोहता येत नसल्याचं सांगितलं. मास्तर म्हणाला, “खडा रह सकते हो ना? कमर तक ही जाने का. जॅकेट पहनो.” विषय संपला.

नवशिक्याला देतात तो बोर्ड फोमचा असतो, नऊ फुटांचा, डोक्यावर आपटला तरी खोक पडू नये म्हणून मऊ. त्याची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. तो पाण्यापर्यंत नेणं हीच एक कसरत. वाऱ्याच्या बाजूला आडवा धरला की तो आपल्याला नेतो. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर मास्तर बोर्ड धरून उभा राहतो, आपण वर पालथे पडतो, तो मागे बघत राहतो आणि हवी ती लाट आली की ढकलून देतो.

मुलांना मी दरवर्षी सांगते की लाटेत पाणी पुढे जात नाही, ऊर्जा पुढे जाते. पाण्याचा कण जागच्या जागी गोल फिरून परत येतो. समुद्रावरच्या बाटलीचं उदाहरण देते. ते खरंच आहे, पण खोल पाण्यातलं. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट एवढी खोली उरली की तिचा पाय तळाला अडखळतो, डोकं पुढे धावतं आणि ती मोडते. मोडल्यावर मात्र पाणी पुढे येतं, सगळंच्या सगळं, फेस होऊन. आम्ही नेमके तिथे होतो. पहिल्या फेसाने मला बोर्डसकट उचललं, मी ‘उठ’ ऐकलं, एक गुडघा टेकला आणि पुढचं काही दिसलं नाही. वर कुठे, खाली कुठे कळेना. कानात गडगडाट. नाकातून पाणी थेट मेंदूत गेल्यासारखं. मग पाय वाळूला लागले, उभी राहिले, तर पाणी मांडीएवढं! मांडीएवढ्या पाण्यात मी बुडत होते.

असं त्या सकाळी वीस-पंचवीस वेळा झालं. डॉक्टरीण अकराव्या खेपेला दोन सेकंद उभी राहिली आणि लगेच लेकीला फोन करायला किनाऱ्यावर निघाली. मास्तर म्हणाला, “मॅडम, घाई नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच पाण्याजवळ गेलो. वारा पाठीमागून, जमिनीकडून येत होता, अगदी हलका. समुद्र इस्त्री केल्यासारखा आणि लाटा एकामागून एक स्वच्छ रेघेत. मास्तर म्हणाला, हीच वेळ, दहानंतर मजा नाही. आणि खरंच, साडेदहाच्या सुमारास वारा पडला, थोडा वेळ काहीच हललं नाही, मग समुद्राकडून गार झुळूक आली आणि तासाभरात पाण्यावर सगळीकडे खडबडीत चुण्या उठल्या. रेघा विस्कटल्या. मी पाण्यात उभी राहून मोठ्याने म्हटलं, “खारे वारे!” बँकवाला म्हणाला, “काय चावलं?”

खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, रात्री लवकर निवते, म्हणून वारा दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून. दोन आकृत्या, चार बाण, तीन गुण. पुण्यातल्या मुलांनी घोकायचं म्हणून घोकायचं. मतलई वारा मोडू पाहणाऱ्या लाटेला समोरून हात देतो, त्यामुळे ती जास्त वेळ उभी राहते, हे मला पुस्तकातून नाही, त्या सकाळी कळलं. गालाला वारा लागत होता आणि लाट समोर थांबून राहिल्यासारखी दिसत होती.

त्याच दिवशी दर्यासारंगने आपलं शास्त्र काढलं. भरतीची वेळ काढायची त्याच्या आजोबांची रीत: तिथीला पाऊणने गुणायचं. त्या दिवशी चतुर्थी होती, म्हणून चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. मास्तराने मोबाइल दाखवला. त्यात वेळ बरीच आधीची होती आणि पाणीही मोबाइलप्रमाणेच वागलं. दर्यासारंग हिरमुसला. “गणित बरोबर आहे. समुद्र चुकीचा आहे,” म्हणाला. शिवाय ही भरतीसुद्धा त्याला भरती वाटेना. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, इकडे दक्षिणेला ते जेमतेम दीड मीटरच्या आसपास. “ही कसली भरती,” तो म्हणाला, “आमच्याकडे याला भांग म्हणतात.” पोहता न येणाऱ्या माणसाचा समुद्राबद्दलचा अभिमान मी प्रथमच पाहत होते.

दुपारी नदीत नेलं. शांभवीच्या शांत पाण्यात, खारफुटीच्या कडेकडेने, मोठ्या बोर्डवर उभं राहून वल्हं मारत जायचं. ते सोपं होतं आणि छान होतं, त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी बँकवाला गेला. म्हणजे नेला गेला. त्याला फेसाचा कंटाळा आला होता. पलीकडच्या न मोडलेल्या लाटा, ज्यांना ही मंडळी हिरव्या लाटा म्हणतात, त्या त्याला हव्या होत्या. मास्तर दर्यासारंगला धरून उभा असताना तो बोर्डवर पडून हळूच बाजूला सरकला. तिथे पाणी शांत दिसत होतं, लाटा मोडत नव्हत्या, रंग जरा गढूळ. मला ते दिसत होतं. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत कुठून तरी आत जाणारच, आणि जिथून जातं तिथे लाटा मोडत नाहीत. हे रिप करंटचं प्रकरण मी सहलीआधी दरवर्षी मुलांना आकृती काढून सांगते. पण समोर बघूनही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शिट्टी गळ्यात नव्हती, आणि शिट्टीशिवाय ओरडायचं कसं हेच जणू मी विसरले होते. तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होता आणि किनारा लांब चालला होता.

मास्तराने मात्र शिट्टी मारली, दर्यासारंगला “खडे रहो” म्हणून तिथेच सोडलं आणि आपला बोर्ड टाकून गेला. त्याच प्रवाहातून गेला, म्हणून झपाट्याने पोचला. मग दोघं किनाऱ्याला समांतर बरंच अंतर गेले, जिथे फेस दिसत होता तिथपर्यंत, आणि लाटांनीच त्यांना आत आणून सोडलं. सगळं मिळून दहा मिनिटंही नसतील. बँकवाला वाळूत बसला आणि ओकला. मास्तराने त्याला पाणी दिलं आणि आपल्या चार मराठी शब्दांपैकी चौथा वापरला. कोणी रागावलं नाही.

त्या दुपारी पाण्यात जायचं कोणाच्याच मनात नव्हतं. गावातल्या बप्पनाडू दुर्गापरमेश्वरीच्या देवळात गेलो. बप्प नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याची नाव नदीत अडकली, देवीने त्याला दृष्टांत दिला आणि त्याने हे देऊळ बांधलं, अशी तिथली आख्यायिका. त्या घराण्याला उत्सवात आजही मान आहे, असं सांगतात. देवळातला ढोल केवढा तरी मोठा, माणूस त्याच्यामागे दिसेनासा होईल असा. बँकवाल्याने देवीपुढे पाचशेची नोट ठेवली. तो देव मानत नाही. आम्ही कोणी काही बोललो नाही.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या सकाळी मी उभी राहिले. नक्की कसं ते सांगता येणार नाही. मास्तराने ढकललं, बोर्ड सुटला, ‘उठ’ ऐकलं आणि या खेपेला गुडघा मध्ये आलाच नाही. पायाखाली काहीतरी जिवंत सरकत होतं. किनारा माझ्याकडे येत होता, सुरूची झाडं, कुत्रं, नळ, सगळं. मी पायाकडे बघितलं आणि पडले. पायाकडे बघितलं की पडणारच, हे मास्तर चार दिवस सांगत होता. सहा सेकंद असतील. मला बराच वेळ वाटला. एक गोष्ट तेव्हाच डोक्यात आली: पाठ दाखवायची नाही म्हणतात, पण लाट धरायची तर शेवटच्या क्षणी तिच्याकडे पाठ करावीच लागते. आधी नीट बघून घ्यायचं आणि मग वळायचं.

संध्याकाळी कॅम्पवाल्यांनी फोटो दाखवले. हे फोटो सगळ्यांनी एकदा पाहावेत. डोक्यावरून जाणारी म्हणून जी लाट मी शपथेवर सांगितली असती, ती फोटोत माझ्या गुडघ्याच्या जरा वर आहे. माझा चेहरा मात्र त्सुनामीचा आहे.

आणि दर्यासारंग? तो एकदाही उभा राहिला नाही. त्याने प्रयत्नच केला नाही. पहिल्या दिवशी दोन-तीनदा पडल्यावर त्याला शोध लागला की बोर्डवर नुसतं पालथं पडून, कडा घट्ट धरून राहिलं, तर लाट आपल्याला किनाऱ्यापर्यंत आणून सोडते. मग चार दिवस तो तेवढंच करत राहिला. जॅकेट, डोक्याला टॉवेल बांधलेला, आडवा माणूस फेसावरून सुसाट यायचा, वाळूत रुतायचा, उठायचा, बोर्ड फिरवायचा, आणि समुद्राकडे तोंड करून पुन्हा आत. मास्तराने ‘उठ, उठ’ करून पाहिलं. शेवटी तोच म्हणाला, “सर, आप सो जाओ.” डॉक्टरणीने विचारलं, “अरे, एकदा तरी उभा राहा की.” तो म्हणाला, “उभा कशाला? समुद्र मला घरी आणून सोडतोय. आजवर बाहेरूनच पाहिला, आता पोटाखाली घेतोय तर घेऊ दे.” शेवटच्या दिवशी त्याला पाण्यातून बाहेर काढायला मास्तराला शिट्टी मारावी लागली.

परतीच्या गाडीत आमचे खांदे वर जात नव्हते. बरगड्या सोलवटलेल्या, नाकाचा शेंडा लाल, कानात वाळू. बँकवाला स्वतःहून वरच्या बर्थवर गेला आणि झोपला. गोवा ओलांडून सावंतवाडीकडे येताना दर्यासारंग दारात जाऊन उभा राहिला. बाहेर काळोख. परत येऊन बसतो तोच आईचा फोन आला. दिवाळी कशी झाली, कुठे आहेस, गाडीचा आवाज कसला. त्याने आमच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सांगून टाकलं. कर्नाटकात गेलो होतो, समुद्रात होतो, चार दिवस, होय, आत, कमरेइतक्या पाण्यात.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग फोनमधून आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने आवाज आला, “गोड्या पाण्यान न्हालंस मां?”

“होय गो आये, न्हालंय.”

फोन ठेवून तो चपला शोधायला बर्थखाली वाकला आणि त्याच्या नाकातून चमचाभर खारं पाणी डब्याच्या लादीवर सांडलं.